दोराला माणूस आठवत नाही

अर्धांगाच्या झटक्यानंतर मामांची वाचा गेली नाही, वाक्यं मात्र बिघडली. त्यांना सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणलं. वाचा सुधारायला तपकिरी कोटातले एक उपचारक यायचे. ते म्हणाले, "अर्थ शोधत बसू नका, ताई. शब्दांचं पोतं फाटलंय. हाताला लागेल ते बाहेर पडतं."

मीही तेच धरून चालले होते. एके दुपारी मामा म्हणाले, "पायऱ्यांना तहान लागलीय."

त्यांनाच तहान लागली असेल म्हणून मी पेला पुढे केला. त्यांनी तो दाराकडे ढकलला. थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात घसरल्या. डोकं फुटलं होतं. रक्त एकेका पायरीवर साचत खाली उतरत होतं. मी फडकं घेऊन पुसायला बसले, तेव्हा ते वाक्य आठवलं.

पुढच्या आठवड्यात मामा उपचारकांकडे टक लावून बघत म्हणाले, "कोट आज माणूस उतरवून ठेवणार."

उपचारक हसले. "व्याकरण मात्र शाबूत आहे हं."

त्याच संध्याकाळी ते गेले. घरी पोचले, खुर्चीत बसले, आणि तसेच बसून राहिले. कोट अंगावरच होता.

त्यानंतर मी मामांचा शब्द न् शब्द कान देऊन ऐकू लागले. बहुतेक वेळा काहीच नसायचं. मग एका सकाळी, माझा नवरा कामावर गेल्यावर, ते भिंतीकडे तोंड करून पुटपुटले, "दोराला माणूस आठवत नाही."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. मी लगेच फोन लावला.

"आज लिफ्टमध्ये चढू नकोस."

"का? कुणी सांगितलं?"

"मामांनी."

तो म्हणाला, "बरं... उतरतो."

दिवस मावळताना तो परत आला. चेहरा पांढराफटक. दोर तुटला होता, रिकामा पिंजरा थेट तळाशी जाऊन आदळला होता. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येत होता, ओल्या सिमेंटचाही. मामांच्या पाया पडावं म्हणून मी आत गेले. ते माझ्याकडे बघून रडत होते.

"जोडे घरी आले," ते म्हणाले. "पाय अजून वाटेत आहेत."

"पडा आता, मामा," मी म्हटलं. पहिल्यांदाच मला अर्थ नको होता.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. अनवाणी, जड, दर पायरीवर थांबत येणारी. आमच्या दाराशी येऊन ती थबकली. मी कडीकडे हात नेला.

"उघडू नकोस," नवरा म्हणाला. त्याने मानही वर केली नाही.

मी उघडलं नाही.

मामा त्याच महिन्यात गेले. नवरा चांगला वागतो, वेळेवर जेवतो, मला दुखेल असं कधी बोलत नाही. दिवेलागणीला जिना वाजायला लागला, की आम्ही दोघंही बोलायचे थांबतो. पावलं येतात, थांबतात, परत जातात. सवय झाली म्हणा ना.

काल मात्र ती परत गेली नाहीत. बाहेरून कुलपात किल्ली फिरली... पहिल्या झटक्यात, सवयीच्या हाताने फिरते तशी. दार आतल्या कडीने तेवढं अडलं. मी किल्ल्या अडकवायच्या खिळ्याकडे पाहिलं. नवऱ्याची किल्ली तिथेच होती.

तो माझ्या शेजारी बसला होता. हळूच म्हणाला, "आता तुलाच ठरवायचंय."