डोंगरापलीकडचा रविवार

वस्तूचे मोल वस्तूतच असावे, हे न्याय्य खरे. परंतु मनुष्य ते आपल्या उंबरठ्यावरून मोजतो. पाण्याकाठी राहणाऱ्याला जे प्राणाहून प्रिय, तेच चार कोसांवरच्याला कानावर आलेली एक वार्ता. यात दोष कोणाचाच नाही. मात्र हे मोजण्याचे काम ज्याच्याकडे येते, त्याने आपले मन तराजूत पडू देऊ नये, एवढी अपेक्षा असते.

तिच्याकडे ते काम आले होते. गावातले जुने तळे राखावे की बुजवून रस्ता काढावा, हे ठरण्यापूर्वी एका संस्थेने तिला घरोघर पाठवले. प्रश्न एकच — तळ्याच्या देखभालीसाठी महिन्यातला किती वेळ द्याल? आणि दंडकही एकच — विचारणाऱ्याने स्वतःविषयी अवाक्षर काढायचे नाही.

काठावरच्या लोकांनी दिवसचे दिवस देऊ केले. बाजारपेठेने तासाभरावर बोळवण केली. डोंगरापलीकडे तर लोक विचारू लागले, “कुठलं तळं?”

तिथेच त्या चष्मेवाल्याचे दुकान होते. भिंग घासता घासता तो म्हणाला, “शून्य लिहा. पण इतक्या कळकळीने विचारताय, तळं तुमचंच की काय?”

“माझी खिडकीच त्यावर उघडते. सकाळी धुकं थेट उशाशी येतं…” ती बोलून गेली, आणि तिने जीभ चावली.

त्याचा हात थांबला. तिच्याकडे पाहत तो हळूच म्हणाला, “मग शून्य नको. दर रविवार लिहा.”

तिने हसू दाबत लिहिले.

कार्यालयातल्या मोठ्या बाईंच्या भुवया उंचावल्या. “डोंगरापलीकडे दर रविवार? चष्मेवाल्याला तळ्यात मोती दिसले वाटतं! पुन्हा जाऊन विचारून ये.”

ती पुन्हा गेली. जाताना पावले जरा अधिकच झपाझप पडत होती.

“खरं सांगू?” तो म्हणाला. “तळ्यासाठी शून्यच. रविवार… त्या खिडकीसाठी.”

“असलं उत्तर रकान्यात बसत नाही.”

“मग खोडा. मी कुठे खोडला जातोय?”

परतीच्या बसमध्ये तिच्या मनाची उलघाल झाली. गप्प राहिले तर तळ्याच्या पारड्यात एक रविवार वाढत होता, अन् पुन्हा त्या दुकानी जायला निमित्तही मिळत होते. पण तो रविवार तळ्याचा नव्हता. ती थेट बाईंसमोर उभी राहिली.

“चूक माझी आहे. मी माझं घर सांगून बसले.”

बाईंनी ते उत्तर खोडले. मग चष्मा काढून म्हणाल्या, “काम संपेपर्यंत त्या बाजूला फिरकायचं नाही. भेटायचं नाही, बोलायचं नाही. पुढचं तुझं तू बघ.”

तळे अहोरात्र खिडकीखाली होते. परंतु तिची दृष्टी आता पाण्यावर ठरेना. ती त्यावरून तरंगत जाई आणि क्षितिजावरच्या निळ्या रेघेला जाऊन टेके.

“तिकडे काय बघतेस गं सारखी?” आईने विचारले. “डोंगरच तर आहे!”

“हो… डोंगरच,” ती म्हणाली. इतकी वर्षे तो डोंगर तिथेच होता. तिने कधी त्याला शून्याहून अधिक दिले नव्हते.

ऋतू पालटला. शेवटचे घर विचारून झाले, कागद बाईंच्या हाती गेले. तळ्याचा निर्णय व्हायचा होता. ती घरी न जाता तडक बसमध्ये चढली.

दुकानाच्या दारात सावली पडली तशी त्याने मान वर केली. हातातले भिंग त्याने खाली ठेवले.

“आज… आज तर बुधवार आहे.”

“माहीत आहे,” ती धापा टाकत म्हणाली. “रविवारपर्यंत धीर धरवला नाही.”

अंतराने ज्यांना इतके दिवस तिष्ठत ठेवले, आणि तरीही ज्यांनी सत्याला ढळू दिले नाही, त्या दोघांचे कल्याण असो. आणि त्या पाण्याचेही.