बंद पेटीतले आंबे

"भोंगा जरा हळू करा हो!"

सई तणतणत मैदानात शिरली ती थेट कॉमेंट्रीच्या मांडवात. वळ गावच्या शाळेला लागूनच क्रिकेटचे सामने रंगले होते आणि तिचा चौथीचा अख्खा वर्ग खिडकीला चिकटला होता.

माइकवरचा सावळा, उंच तरुण हसला. "मंडली, टीचर थेट पिचवर! आता आपली विकेट गेली!"

मैदान खिदळलं. सईला राग यायला हवा होता... आलं मेलं हसूच.

त्याचं नाव प्रितेश. घरची गोदामं सांभाळायचा, पण गाव त्याला ओळखायचं ते आवाजावरून.

सईची पंचाईत निराळीच होती. शाळेला महिनाभराच्या बोलीवर टॅब मिळाले होते. त्यात बीजगणिताचा खेळ – तराजूवर आंबे आणि एक बंद पेटी. दोन्ही पारड्यांतून सारखेच आंबे काढत जायचं. पेटी एकटी उरली की समोरचे आंबे मोजायचे, तेवढेच पेटीत. पण टॅबमधली बाई "अज्ञात राशी शोधा" म्हणाली की पोरं नुसती बोटं आपटत. मुलांना जमलं नाही तर टॅब दुसऱ्या शाळेला जाणार होते. आणि हीच पोरं प्रितेशचा शब्दन् शब्द झेलत होती!

टॅबमध्ये शिक्षकांना आवाज भरायची सोय होती. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला गाठलं.

"गनिताशी आपला जुना वैर हाय, टीचर."

"ते मी मिटवते. तुम्ही फक्त बोला."

मग रोज शाळा सुटल्यावर तो आवाज भरायला येऊ लागला. "पेटी उघरू नको रं! आदी दोनीकरून दोन-दोन आंबे काढ... शाब्बास!"

"मजकुराकडे बघा," सई म्हणाली.

"बगतोच हाय."

"मजकूर टॅबवर आहे!"

"तो पन बगतो..."

तिचे कान तापले. हा माणूस आपल्याला आवडतो, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

तपासणीच्या दिवशी टॅब देणाऱ्या संस्थेच्या विद्युल्लता मॅडम आल्या. पेटीच्या जागी त्यांनी मुद्दाम 'क्ष' ठेवला. छोट्या काशीने टॅबमधला प्रितेशचा आवाजच बंद केला. "आवाज नको, मला येतंय!" आणि तिने क्ष एकटा काढून दाखवला. मागोमाग साऱ्या वर्गाने. टॅब कायमचे शाळेचे झाले.

टाळ्या थांबल्यावर प्रितेश दारातच घुटमळला. "म्हंजे... आता माजी गरज न्हाय."

"पोरांना नाही," सई त्याच्याजवळ गेली. "मला आहे."

तो उंबरा ओलांडून आत आला.

"रविवारी भिवंडीला आमच्या घरी ये. मला मुलगा पसंत आहे, असं आईला सांगून बसलेय मी."

"आन् मी न्हाय बोल्लो तर?"

"बोलून बघ!"

तो हसत सुटला. "किती वाजता येऊ ते सांग."