सगळ्यात थंड नंबर

मंगळवार, ११ मे १९९९. सकाळी सव्वादहाला वेंकटेशनं हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर रामचंद्रकाकांच्या दुकानात दोन स्पार्क प्लग काउंटरवर ठेवले. धारवाडहून तासभर बसनं येऊनही ते हाताला चटका देत होते. मी माझ्या मोपेडच्या प्लगसाठी तिथं उभा होतो.

जुना प्लग पाहिल्याशिवाय काका नवा देत नाहीत. टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर इंजिन ठीक. काळं असेल तर पेट्रोल जास्त. पांढरं असेल तर इंजिन फार तापतंय. हे दोन्ही पांढरे होते.

"वॉटर स्कूटरचे," काका म्हणाले. "हुबळीला समुद्र कधी आला रे, अप्पा?"

वेंकटेश हसला नाही. त्याचा धाकटा भाऊ सुधींद्र कारवारला पर्यटकांना वॉटर स्कूटरवर फिरवायचा. डिसेंबरात स्कूटर एकटीच किनाऱ्याला लागली. सुधींद्र सापडला नाही. तेव्हापासून ती धारवाडजवळ केलगेरीला, वेंकटेशच्या शेडमध्ये बंद होती.

"जानेवारीत प्लग काढून बघितले, तर बिस्किटासारखे. म्हटलं, सुधींद्र नीट चालवतोय की. आता तापतंय, काका."

काकांनी आधीच्यापेक्षा एक नंबर जास्त थंड प्लग दिले. असा प्लग इंजिनातली उष्णता लवकर बाहेर सोडतो.

दुपारी मी वेंकटेशबरोबर केलगेरीला गेलो. स्कूटरची टाकी कोरडी, बॅटरी काढलेली. सकाळी तात्पुरते घातलेले प्लग वेंकटेशनं एकेक करून बदलले.

"दोन्ही एकदम काढले तर बंद पडेल," तो म्हणाला.

शेडच्या कुलपावर मी कागद चिकटवून सही केली.

१८ तारखेला सही जशीच्या तशी होती. प्लग आधीपेक्षा पांढरे.

दुकानात काकांनी फळीवरचा सगळ्यात थंड नंबर काढला. "याच्यापुढं नंबर नाही. पिस्टन वितळायच्या आत बंद कर ते."

"कसं?"

"प्लगच काढून टाक."

"आणि तो किनाऱ्यापासून किती लांब आहे, काका?" वेंकटेशनं विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग नवे प्लग कागदात गुंडाळले.

२५ मे, सकाळी नऊ. आम्ही तिघंही शेडमध्ये होतो.

डाव्या प्लगच्या टोकाला ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटले होते. पिस्टन वितळला की असे मणी येतात, काका म्हणाले.

मी भोकातून टॉर्च मारला. या स्कूटरचा पिस्टन गुळगुळीत होता. ओरखडाही नव्हता.

काकांनी प्लग पुसून परत बसवला.

उजव्या बाजूचा प्लग अजून गरम लागतो; तो आम्ही काढलेला नाही.