कुरुदच्या हळदीवर पडलेलं ड्रोन

“ताई, उद्या पोलीस माझ्यावर गुन्हा नोंदवून राहिले. अन् मी ते ड्रोन उडवलंच नाही.”

नीतू बोरकर खुर्चीच्या कडेवर बसली होती. दुर्गजवळ सुपेल्यातल्या एका माडीवरच्या खोलीत अन्नपूर्णा हटवार खासगी तपासाची कामं घेत असे. वीस वर्षं पोलादाच्या कारखान्याच्या दक्षता विभागात काढल्यावर कुणावर चटकन विश्वास ठेवायची सवय तिला उरली नव्हती. सोबतीला भय्याजी, रेल्वेचे निवृत्त गार्ड. मनाने सरळ, डोक्याची चाल मात्र पॅसेंजरगाडीची.

रविवारी कुरुदला हळदीच्या कार्यक्रमावर ड्रोन कोसळलं आणि नवरीच्या आत्याचा, राधाबाईचा, उजवा डोळा गेला. उडवणारा शेजारच्या गच्चीवर होता, तोंडाला रुमाल बांधून. रिमोट टाकून पळाला. पण उड्डाणाच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी नीतूची सही निघाली.

“तू कुठं होतीस?”

“घरीच. ताप होता. बाबूजी बाजूच्या खोलीत होते.”

“मग ते सांगतील.”

“ते म्हणतात, मले माहीत नाही.”

“निजले असतील बिचारे,” भय्याजी म्हणाले.

अन्नपूर्णा आधी ठाण्यात गेली. पोलिसांनी जप्त केलेल्या रिमोटच्या स्क्रीनवरचे शेवटचे आकडे तिने वाचले. मग जप्त केलेलं रजिस्टर उघडलं. नीतूच्या नोंदी घाईच्या, गिचमिड. शेवटची, रविवारची नोंद मात्र रेखीव होती, आणि तिच्याखालच्या कोऱ्या जागेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी रेघ मारली होती. बाकी एकाही पानावर अशी रेघ नव्हती.

नीतू ज्याच्यासाठी लग्नांत ड्रोन उडवायची, त्या राजकुमारच्या फोटो स्टुडिओत तिचं रिमोट पायलटचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर टांगलं होतं.

“रविवारी कोण उडवत होतं?”

“मैं तो बुकिंग लेता हूँ, मॅडम. ड्रोन, रजिस्टर सगळं नीतूच्या घरीच असते. कोणी उडवो, सर्टिफिकेट तो टंगा है ना! अन् कुरुद ग्रीन झोन आहे, परमिशन लगती नहीं.”

“ग्रीन झोनमध्ये उडवायची परवानगी लागत नाही. पायलट लागतोच. ड्रोन पावणेसहाशे ग्रॅमचं, अन् तुमचा हा धंदा. ज्याच्या हातात रिमोट, त्याच्याच नावाचं प्रमाणपत्र पाहिजे.”

“मेडिकल दुकान में भी तो किसी और का टंगा रहता है,” राजकुमार म्हणाला. त्याला खरंच काही चूक वाटत नव्हती.

नेहरू नगरमागे बोरकरांचं घर होतं. नीतूचा भाऊ मोहित दारातच भेटला.

“सच बोलू, ताई? नीतू लापरवाह आहे. सत्तावीस टक्के बॅटरी होती, तरी वापस नाही आणलं.”

“तू होतास तिथं?”

“मी? मी तं दुर्गले होतो. दोस्ताकडे.”

आत नीतूचे वडील तेजराम रक्तदाबाची वही लिहीत होते. चौतीस वर्षं कारखान्याच्या भट्टीवर काढलेला माणूस. आकडा लिहिला, उरलेल्या जागेवर पट्टीने तिरपी रेघ ओढली, वही मिटली.

“काय टापटीप!” भय्याजी म्हणाले.

अन्नपूर्णाने सगळ्यांना बसायला सांगितलं.

“मोहित, बॅटरी सत्तावीस टक्के होती हे तुले कोणी सांगितलं?”

“पोलिसांनी.”

“पोलिसांनी कोणाले सांगितलं नाही. तो आकडा रिमोटच्या स्क्रीनवर आहे, अन् रिमोट गच्चीवर सापडल्यापासून त्यांच्याच ताब्यात. पोलिसांच्या आधी तो एकानेच पाहिला. गच्चीवरच्या माणसाने.”

मोहितने बापाकडे पाहिलं.

“पण रजिस्टर?” भय्याजींनी विचारलं. “त्यात तं नीतूची सही.”

“भय्याजी, कारखान्यात शिफ्टच्या लॉगबुकात नोंद संपली की उरलेली जागा रेघ मारून बंद करतात. पुढच्या शिफ्टने मागाहून काही घुसडू नये म्हणून. स्टुडिओवाल्याले हे माहीत नाही, मोहितले नाही, नीतूनेही कधी केलं नाही.” तिने रक्तदाबाची वही उघडून नीतूपुढे ठेवली. “या घरात ही सवय एकाच हाताले आहे.”

नीतूने वही पाहिली. मग ती वडिलांकडे वळली.

“बाबूजी, कावून केलं असं?”

“मोहितची नोकरी कारखान्यात लागून राहिली,” तेजराम म्हणाले. “पोलीस व्हेरिफिकेशन बाकी आहे. तुझं का, लगन होऊन जाईन. तुले ते सर्टिफिकेट काय कामाचं?”

अन्नपूर्णाला त्या म्हाताऱ्याची किळस आली. वाईट याचं वाटलं, की त्याला लाज वाटत नव्हती.

“माझी सही तुम्हाले जमली कशी?”

“तिसरीत होतीस,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. “मीच तं शिकवली तुले.”

तासाभराने ठाण्यात लिखापढीच्या मुन्शीने नीतूचा जबाब वाचून दाखवला आणि कागद तिच्याकडे सरकवला. “यहाँ साइन कीजिए.”

नीतूने पेन उचललं, कागदावर टेकवलं, आणि खाली ठेवलं.

“अंगूठा चलेगा क्या?” तिने विचारलं.