चिमूटभर तांदळाचं पीठ

कोठीच्या खोलीत सहा फळ्या होत्या आणि त्या सहाही फळ्यांवर बेकरीवालीचा डोळ्यात तेल घालून पहारा होता. वर तांदळाचं पीठ, त्याखाली बदामाचं, मग बटाट्याचा स्टार्च, इसबगोल, नारळाच्या दुधाचे डबे आणि तळाशी तेल, साखर. प्रत्येक काचेच्या बरणीवर तिच्या हातची चिठ्ठी. खोलीत गव्हाचा कण नव्हता, दुधाचा थेंब नव्हता. तिची मुलगी चिंगी आठ वर्षांची होती. गहू पोटात गेला की पोर वेदनेने वाकडी व्हायची, आणि दुधाच्या नुसत्या स्पर्शाने अंगावर लाल चट्टे उठून श्वास अडकायचा. दोनदा दवाखान्यातून ती जेमतेम परत आली होती.

सात महिन्यांपूर्वीपर्यंत पंधरा वर्षं बेकरीवालीने रोज पहाटे मैदा आणि लोणी मळलं होतं. डॉक्टरांनी चिंगीचं निदान सांगितलं त्याच दुपारी तिने बेकरी सोडली. मालक हळहळला. "जा बाई, पण हात तेवढे इथे ठेवून जा," असं म्हणाला आणि स्वतःच हसला. ती हसली नव्हती. तेव्हापासून तिच्या नाकावर राग बसला तो बसलाच. शाळेवर राग, शेजारणींवर राग, 'थोड्याने काय होतंय' म्हणणाऱ्या प्रत्येक तोंडावर राग.

सात महिने तिचे केक विटांसारखे निघाले. चिंगी निमूटपणे खायची आणि वर "छान झालाय" म्हणायची, तेव्हा बेकरीवालीला स्वतःचाच संताप यायचा. चिंगीचा वाढदिवस रविवारी होता. त्याच्या आठवडाभर आधी तिने सरावासाठी एक छोटा केक केला आणि तो फुगला. नुसता फुगला नाही, बोटाने दाबला की हळूच वर यायचा. वासही खमंग होता. हात जमले एकदाचे, असं म्हणत तिने चिंगीला चांगला मोठा तुकडा दिला.

तासाभरात चिंगी दवाखान्यात होती.

पोरीचा जीव वाचला. घरी आल्यावर बेकरीवालीने चपलाही न काढता कोठी गाठली. बेकरीतली जुनी परीक्षा तिला पाठ होती. चिमूटभर पीठ पाण्यात भिजवून गोळी करायची आणि नळाखाली धरायची. तांदूळ असेल तर धुऊन जातो. गहू असेल तर बोटांत रबरासारखा चिकट तुकडा उरतो. तिने तांदळाच्या बरणीतली चिमूट भिजवली. गोळी धुतली गेली नाही. दोन बोटांत धरून ओढली तर वीतभर ताणली गेली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात गव्हाची बिस्किटं खाणारं माणूस एकच होतं, नणंद. ती आपल्या खोलीत, दार लावून खायची.

"वहिनी, मी त्या खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही," नणंद म्हणाली.

"मग बरणीत मैदा काय चालत आला?"

"तुम्ही मला काहीही बोला. पण चिंगीच्या बाबतीत असं बोलू नका हो."

बेकरीवाली बोलायची ती बोललीच. मग तिने सहाही फळ्या रिकाम्या केल्या, बरण्या उकळल्या आणि दुकानातून नवी पाकिटं आणून भरल्या. झाकणांवर चिकटपट्टी लावून वर सही केली. दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. चिंगीचं खाणं, पिणं, औषध, वेणीफणी, सगळं ती स्वतः करू लागली. कुणाला पोरीला हात लावू देईना. तरी चिंगीच्या दंडावर, खांद्यावर लाल चट्टे उठतच राहिले. ते पाहून तिचा राग आणखी भडके.

रविवारी सकाळी तिने चिंगीची वेणी घातली आणि कोठी उघडली. पट्ट्या, सह्या, सगळं जागच्या जागी होतं. तिने एक पट्टी फाडली, चिमूट भिजवली आणि नळाखाली धरली.

गोळी ताणली गेली.

ती स्वयंपाकघरात आली ती ओरडतच. नवरा ओट्याशी उभा होता. त्याने तिला पूर्ण ओरडू दिलं. मग पिशवीतून तांदळाच्या पिठाचं न फोडलेलं पाकीट काढलं.

"हे आत्ता दुकानातून आणलंय. तुझ्यासमोर फोडतो. मग मला काय म्हणायचं ते म्हण."

त्याने पाकीट फाडलं, चिमूट भिजवली, नळाखाली धरली. पांढरं पाणी वाहून गेलं. बोटं स्वच्छ.

"ये गं," तो बहिणीला म्हणाला. नणंद पुढे आली. तिचीही चिमूट धुऊन गेली.

"आता तू."

बेकरीवालीने तणतणत त्याच पाकिटातून चिमूट घेतली. भिजवली. पाणी सोडलं.

पाणी वाहत राहिलं. गोळी गेली नाही.

तिने ओढली. ती ताणली गेली, लांब, पातळ, लवचिक. पंधरा वर्षं रोज ताणली जायची तशी.

नवऱ्याने हळूच नळ बंद केला.

तिने हात नाकाशी नेले. लोण्याचा वास येत होता. सात महिने घरात लोणी आलं नव्हतं. तिने साबणाने हात धुतले, घासले, नखांनी खरवडले. पुन्हा वास घेतला. आता जास्त येत होता.

इतक्या दिवसांचा सगळा राग तिच्याच हातांपाशी येऊन थांबला. त्याला जायला आता दुसरं दार नव्हतं.

"आई."

चिंगी दारात उभी होती. हातात कंगवा होता.

"वेणी सुटली गं. परत घालून दे ना."

आणि नेहमीसारखी पाठ फिरवून, केस एका बाजूला घेऊन उभी राहिली. सकाळी डोकं हलू नये म्हणून आईने तिची मान धरली होती. तिथे पाच लाल चट्टे होते, चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला.