बारा नंबरचं टोकन

दुर्गच्या एका वकिलांकडे विद्याधर सोळा वर्षं कामगारांच्या नुकसानभरपाईचे दावे टाईप करत होता. पूर्वी माणसं तुटलेली बोटं, भाजलेले पाय घेऊन यायची. ठेकेदाराला ते नाकारता यायचं नाही. हल्ली धडधाकट दिसणारे लोक यायचे आणि जिना चढून आले की खोकत बसायचे. आजार कुणाच्या धुळीनं झाला हे सिद्ध होईपर्यंत माणूसच संपायचा.

नरहरी तसाच संपला. त्याची बायको तुळसाबाई कोहक्याहून चकरा मारत होती. असा माणूस आमच्याकडे कधी नव्हताच, असं ठेकेदार छातीठोकपणे सांगत होता. सुनावणी उद्यावर आलेली, आणि बाईजवळ एकही कागद नव्हता.

"त्यायचं टोकन होतं जी, नाव कोरलेलं," ती म्हणाली. "पाहा ना, भाऊ."

म्हणून भर दुपारी तो भिलाई-३ च्या पुढच्या, त्या ठेकेदाराच्या दगड दळायच्या बंद कारखान्यात गेला. चौकीदार गुलाबनं वहीत त्याचं नाव, फोन लिहिला आणि हातात पितळी टोकन ठेवलं. नंबर बारा. आत जाताना खिळ्याला टांगायचं, निघताना काढून परत द्यायचं. कारखाना बंद पडला तरी म्हाताऱ्याची शिस्त सुटली नव्हती. विद्याधरला हसू आलं.

आत पत्रे तापले होते, तरी अंगावर काटा आला. पायाखाली पांढरी धूळ पिठासारखी मऊ लागत होती. फळीवरचे सगळे खिळे रिकामे होते, एक सोडून. त्यानं आपलं टोकन शेजारी टांगलं आणि त्या जुन्या टोकनावरची धूळ पुसली. नरहरी.

"सारे आपापलं काढून गेले," गुलाब दारातून हळूच म्हणाला. "याले मातर उचलून नेलं. टोकन रायलं... मी रोज काढून ठेवतो जी. सकाळी पाहतो, तं पुन्हा तिथंच..."

मागं, यंत्रांच्या अंधारात, कुणीतरी खोकलं.

विद्याधरनं नरहरीचं टोकन ओढून काढलं आणि धावतच फाटक गाठलं.

रिसालीला घरी पोचल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. तुळसाबाईचा दावा आता टिकणार होता. तेवढ्यात गुलाबचा फोन आला.

"साहेब, तुमी... बाहेर निघाले ना?"

"म्हंजे काय? घरी आहो मी."

"मंग बारा नंबर आत कावून टांगून आहे? तीनदा काढलं मी... पुन्हा तिथंच..."

विद्याधरला आपली चूक कळली. पळताना नरहरीचं टोकन काढलं, आपलं खिळ्यावरच राहिलं होतं. नरहरीचं टोकन पुन्हा खिळ्यावर नेऊन टांगलं, तर कदाचित आपलं सुटेल, असं त्याच्या मनात आलं. मग त्याला तुळसाबाईचा चेहरा आठवला. त्यानं ते टोकन तिच्या फायलीत ठेवलं.

फोन चालूच होता. गुलाबच्या मागं, कारखान्याच्या आतून, कुणीतरी खोकत होतं. या वेळी तो आवाज विद्याधरनं ओळखला. तो त्याचा स्वतःचा होता.