दीड किलोच्या आत

आग्नेस आंटीच्या काट्यावर त्या संध्याकाळी भेंडीही नव्हती आणि वांगीही नव्हती. काट्यावर लांबलचक लेन्स लावलेला एक कॅमेरा होता, आणि त्याच्यासमोर वाकून, डोळे बारीक करून संपदा राऊत आकडा वाचत होती.

"एक किलो सातशे," आंटी म्हणाली. "काय भाव लावू?"

"आंटी, मस्करी नको ना... नीट बघा. खोक्यावर चौदाशे लिहिलंय."

"माझा काटा खोटं बोलत नाय, बाय. खोका बोलत असेल."

मागून कुणीतरी हसलं. वसईतल्या होळी नाक्याच्या बाजारातली ती वेळच अशी, की आंटीच्या टोपल्यांसमोर चारपाच माणसं ताटकळलेली असतात. त्यांतला एक उंच, कुरळ्या केसांचा तरुण हातात पालकाची जुडी धरून पुढे झाला.

"दोघंही खरं बोलतायत," तो म्हणाला. "खोक्यावरचं वजन बॅटरी न घालता, लेन्सपुढचं हूड न लावता, लेन्सखालचा तिवईचा पाय काढून घेतलेलं असतं. स्थळाच्या बायोडाटासारखं. खरं काय ते घरी आणल्यावर कळतं."

अनोळखी माणसाने मध्येच तोंड घातलेलं संपदाला मुळीच खपत नसे. त्यातून हा बरोबर बोलत होता, म्हणजे आणखीच वाईट.

"तुम्हाला बरं माहीत!"

"कॅमेरे भाड्याने देतो. याच रस्त्याला पुढे दुकान आहे. उमंग सावंत." त्याने पालक काट्याच्या कडेला ठेवला. "लग्नवाले येतात, सिरीयलवाले येतात... पण भाजीच्या काट्यावर कॅमेरा तोलणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतोय."

"मी तुमचं गिऱ्हाईक नाही."

"अजून," तो म्हणाला, आणि हसला.

आता हिला काट्यावर कॅमेरा ठेवायची वेळ का आली, ते सांगायला हवं. संपदा नंदाखाल गावची. घरची नारळाची वाडी, केळी, मागे सोनचाफ्याची ओळ. ती स्वतः वसईत एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, आणि रविवार उजाडला की गळ्यात कॅमेरा अडकवून किनारा गाठायची. बसलेला पक्षी तिने कधी काढला नाही. तिला उडणारा पक्षी हवा असायचा, पंख पूर्ण उघडलेला, डोळा लख्ख. त्यासाठी तिने सव्वातीन किलोचं धूड पाच वर्षं हौसेने उचललं होतं. मग गेल्या गणपतीत निर्मळच्या उतारावर स्कूटर घसरली आणि डाव्या खांद्याचा स्नायू फाटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी शेवटी चष्मा काढून सांगितलं, "कॅमेरा? दीड किलोच्या आत असेल तर बघा. नाहीतर छंद बदला."

छंद बदला! जणू साडीचा रंग होता तो. बाबा म्हणाले, विकून टाक, कपाटात जागा तरी होईल. त्या रात्री संपदा रडली होती. आपल्याला पुन्हा उडणारा पक्षी टिपता येणार आहे की नाही, एवढा एकच प्रश्न तिला सहा महिने पोखरत होता. काट्यावरचा तो कॅमेरा एका मैत्रिणीचा, बघायला म्हणून मागून आणलेला. तोही नापास झाला.

तीन दिवस तिने आपला ताठा सांभाळला. चौथ्या दिवशी ती उमंगच्या दुकानात हजर झाली.

"या," तो म्हणाला. 'मी म्हटलं नव्हतं?' असं काही तो म्हणाला नाही, हे तिने मनात टिपून ठेवलं, आणि खांद्याची, दीड किलोची हकिकत त्याला सांगितली. "काय काय उडतं तुमच्याकडे?"

"कुरव, म्हणजे सीगल. सुरय. ब्राह्मणी घार."

"मला सगळे बगळेच वाटतात."

"मग तुम्ही मला काय मदत करणार?"

"पक्षी तुमचे, वजन माझं." त्याने कपाट उघडलं, मग पुन्हा बंद केलं. "पण इथे धरून काही कळायचं नाही. दुकानात उडणारा एक तो पंखा आहे. रविवारी राजोडीच्या किनाऱ्यावर मी एक सेट घेऊन येतो. पटला तर तसाच विकत घ्या, नाही पटला तर पुढच्या रविवारी दुसरा."

"दर रविवारी... तुम्ही स्वतः येणार?"

"महागाची वस्तू आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "एकटी कशी सोडायची?"

कॅमेऱ्याबद्दलच बोलत असावा. संपदाने तरी तसंच समजायचं ठरवलं.

पहिल्या रविवारी आणलेला कॅमेरा एका तुकड्यातला होता, लेन्स न निघणारा, जेमतेम अकराशे ग्रॅमचा. हातात धरल्यावर संपदाच्या डोळ्यांत पाणीच आलं, इतकं हलकं वाटलं. पण डोळा लावला आणि हिरमोड झाला. कुरव समोरून निघून जायचा आणि मग आतल्या पडद्यावर उगवायचा. शिवाय तासाभरात पक्षी पांगले, आणि तपासायला काही उरेना.

"थांबा," उमंग म्हणाला. त्याने चपला काढल्या, पँट दुमडली, आणि दोन्ही हात पसरून ओल्या वाळूवरून पळत सुटला. किनाऱ्यावरच्या घोडागाडीतली पोरं किंचाळून हसली. "काढा! मी उडतोय!"

"तुम्ही बगळा आहात!" ती ओरडली. सहा महिन्यांत ती पहिल्यांदा इतकी मोकळी हसली. खांदा आहे, हेही ती विसरली.

दुसऱ्या रविवारी तो वेगळा सेट घेऊन आला. छोट्या सेन्सरची बॉडी, आखूड दिसणारी पण लांब पोचणारी लेन्स, सगळं मिळून तेराशे ग्रॅम. वारा खाडीकडून होता. एक कुरव थेट तिच्या अंगावर आला, वळला... आणि कॅमेऱ्याने त्याचा डोळा धरला तो सोडलाच नाही. चाळीस फोटो. चाळीसच्या चाळीस लख्ख. संपदाला त्या क्षणी कळलं, हाच. यापुढे काही शोधायचं नाही.

"कसा वाटला?" उमंगने विचारलं.

म्हणजे आता ठरलं. ठरलं, की रविवार संपले... तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"ठीक आहे. पण—"

"पण?"

"रंग जरा... फिके नाही वाटत?"

उमंगने पडद्यावर बघितलं. कुरवाची चोच लालभडक होती. "हो," तो म्हणाला. "फिकेच आहेत जरा."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलला, की त्याची किंमत वसूल होतेच. तिसऱ्या रविवारी तो मोठ्या सेन्सरचा सेट घेऊन आला. "एकदा हेही बघा, नंतर मनात राहायला नको." दोन किलो दोनशे. संपदाला नको म्हणता आलं असतं. पण ती फिके रंग म्हणून बसली होती ना! ब्राह्मणी घार सुरूच्या झाडांवर घिरट्या घालत होती आणि ही वीस मिनिटं दात आवळून कॅमेरा पेलत राहिली. तिचा हात थरथरायला लागला, तशी उमंगने खालून लेन्सला तळहात लावला. त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. घार निघून गेली तरी दोघांनी बराच वेळ हात काढला नाही.

सोमवारी तिचा डावा हात वर होईना. पेशंटच्या दंडाला पट्टा बांधायलाही दुसऱ्या मुलीला बोलवावं लागलं. दुपारी मेसेज आला: 'खांदा कसा आहे?' तिने लिहिलं, 'ठीक.' लगेच दुसरा आला: 'चूक माझी आहे.' मग रोजच एक यायचा. ती वाट बघायची, आणि वाट बघते म्हणून स्वतःवर चिडायची.

बुधवारी ती सहज, अगदी सहज, दुकानावरून गेली. आत एक लग्नाचे फोटो काढणारी मुलगी उभी होती आणि उमंग तिला म्हणत होता, "तुमच्यासाठी खास बाजूला काढून ठेवलाय." तोच आवाज, तेच हसू. संपदा पायरीवरूनच मागे फिरली. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हा त्याचा धंदाच आहे, आणि आपण काय काय समजून बसलो, वेड्यासारखं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त, वाईट वाटलं.

चौथ्या रविवारी त्याने आणलेली लेन्स हलकी होती, पण तिच्यात दिसायचं एवढं थोडं, की उडता पक्षी सापडेपर्यंत तो पार अर्नाळ्याला पोचलेला असे. उमंगने शेकायची पिशवी आणली होती, थर्मासमध्ये चहा आणला होता. संपदा तुटकच बोलली. समोर कुरवांची डोकी काळपट व्हायला लागली होती. तसं झालं की समजायचं, यांची जायची वेळ झाली.

"आठदहा दिवसांत हे जातील उत्तरेला," ती म्हणाली. "पुढच्या रविवारी तो दुसरा सेट पुन्हा आणा. तोच घेते. संपवून टाकू."

"संपवून टाकू," तो म्हणाला. चहाचा कप त्याच्या हातातच निवत राहिला.

पाचव्या रविवारी भरती होती. तिथल्या ओळखीच्या कोळ्याची, दिनानाथकाकांची, होडी नुकतीच किनाऱ्याला लागली होती, जाळ्यातली बारीक मासळी झटकली जात होती आणि तिच्यावर शेदोनशे कुरव तुटून पडले होते. संपदाने तेराशे ग्रॅम डोळ्याला लावले. आणि मग ती भान विसरली. वर, खाली, वळसा, झेप, तिला जे हवं होतं ते सगळं मिळत गेलं. खांदा एकदाही कुरकुरला नाही. तिचा छंद तिला परत मिळाला होता. आनंदाने तिला ओरडावंसं वाटलं, आणि ओरडून सांगावं असा माणूस दहा पावलांवर गप्प उभा होता.

"पोरी, मागं सरक, पानी भरतंय," दिनानाथकाका म्हणाले.

ती मागे आली. "शेवटचं एकदा... धावता?"

उमंगने मान डोलावली. चपला काढल्या. तिने कॅमेरा रोखला. त्याने हात पसरले, पहिल्या रविवारसारखं तोंड वेंगाडलं आणि पळत सुटला. त्याचे हात हलले तेव्हाच तिने बटण दाबलं होतं.

तो लांबून वळून येईपर्यंत ती होडीच्या कडेला टेकून फोटो बघायला लागली. आणि थबकली. सुरुवातीचे दहापंधरा फोटो तिने काढलेलेच नव्हते. त्यांत उमंग धावत नव्हता, तोंड वेंगाडत नव्हता. तो नुसता उभा होता आणि तिच्याकडे बघत होता. इतक्या उघड्या, इतक्या हरलेल्या चेहऱ्याने गिऱ्हाइकाकडे कुणी बघत नाही.

"काय झालं?" तो धापा टाकत आला.

"हे... हे मी काढले नाहीत."

त्याने वाकून बघितलं आणि त्याचे कान लाल झाले.

"सेटिंग... काल एकाने खंड्यासाठी नेला होता. खंड्या कधी सूर मारेल सांगता येत नाही, म्हणून कॅमेरा आधीपासूनच टिपत राहतो. बटण दाबलं, की आधीचा अर्धा सेकंदसुद्धा ठेवून घेतो. मी... बंद करायला विसरलो."

"म्हणजे हे तुम्ही तोंड वेंगाडायच्या आधीचे."

"डिलीट करा ना, प्लीज."

"नाही."

तो वाळूकडे बघत राहिला. मग एकदम बोलायला लागला. "मला दुसऱ्याच रविवारी कळलं होतं, की हाच तुमचा कॅमेरा. रंग फिके नव्हते. तुम्ही 'पण' म्हणालात आणि मला... बरं वाटलं. म्हणून तो जड सेट आणला. अजून एक रविवार मिळावा म्हणून. आणि तुमचा खांदा... त्या सोमवारपासून मी धड झोपलो नाहीये, संपदा. माझ्या आवडण्यापायी तुम्हाला दुखलं."

त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. संपदाला राग यायला हवा होता. तो आलाही, क्षणभर. पण वीस मिनिटं दात आवळून उभं राहायला तिला कुणी सांगितलं होतं?

"रंग फिके नव्हते, हे मलाही माहीत होतं," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"चोच लालभडक होती. मला दिसत होती."

लाट येऊन त्याचे घोटे भिजवून गेली, तरी त्याला पत्ता नाही.

"मग तुम्ही 'पण' का म्हणालात?"

"तुम्ही 'हो' का म्हणालात?"

दोघंही एकदमच हसले. संपदाने कॅमेरा गळ्यात अडकवला. त्याचं वजन छातीवर जाणवतसुद्धा नव्हतं.

"हा माझा," ती म्हणाली. "ठरलं."

"ठरलं," उमंग म्हणाला. आवाज बारीक झाला होता त्याचा. "आणि... पुढच्या रविवारी? पुढच्या रविवारी काय घेऊन येऊ?"

पाण्यावरून कुरवांचा थवा एकदम उठला. संपदाने कॅमेरा उचलला नाही. तिने त्याचा ओला, वाळूने माखलेला हात आपल्या उजव्या हातात घेतला.

"काही आणू नकोस," ती म्हणाली. "नुसता ये."